घरचे म्हणतात, नुसती गाणी ऐक!

प्रश्न : किशोरकुमारचे जुने विनोदी सिनेमे मी आजही आवडीने बघते. घरचे म्हणतात, गाणी ऐक, सिनेमे कसले बघतेस! तुम्हाला आवडतात का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, जीव आहे माझा त्यांच्यावर! घरच्यांना आधी ‘हाफ टिकट’ (१९६२) मधलं ‘आके सीधी लगी’ दाखवा. बाईच्या वेशातला किशोर आणि समोर प्राण. सलील चौधरींच्या चालीवर बायकी आवाज किशोरचा, पुरुषी आवाजही किशोरचाच! ओळीगणिक गळा पालटतो, सूर मात्र तसूभर ढळत नाही. हे नुसतं ऐकून कसं भागेल? प्राणसारखा खलनायक त्या आवाजावर ओठ हलवत लाडात येतो, ते बघायलाच हवं.

‘चलती का नाम गाडी’ (१९५८) तर मला तोंडपाठ आहे. पावसाळी रात्र, गॅरेजात भिजलेली मधुबाला, तिची बंद पडलेली गाडी आणि ती दुरुस्त करता करता गाणारा किशोर. पुढे पाच रुपये बारा आण्यांची उधारी! त्यावरही गाणं. अशोककुमार, अनूपकुमार, किशोर हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच. ती घरातली मस्ती शिकवून येत नाही.

‘झुमरू’ (१९६१) पाहिलात का? त्याचं संगीतही किशोरचंच. येत्या रविवारी लावा, सगळ्यांना घेऊन बसा.