पाणी दहा मिनिटांत गायब, मग शोषखड्ड्याला जमीन चालेल ना?

प्रश्न: शेतातल्या जागेवर घर बांधतोय. भर उन्हाळ्यात दोन फूट खड्डा खणून दोन बादल्या पाणी ओतलं, दहा मिनिटांत सगळं जिरलं. माती काळी आहे. गवंडी म्हणतो आता काही बघायला नको, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करून टाकू. करू का?

उत्तर: थांबा, अजून नको. काळी भारी माती उन्हात भेगाळते आणि तुमचं पाणी मातीत मुरलंच नाही, भेगांतून खाली पळालं. तीच माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पावसाळ्यात तोच शोषखड्डा तुडुंब भरून पाणी उलटं घराकडे येतं.

आधी मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठा-तर्जनीत दाबत पट्टी काढा. 5 सेंमीच्या पुढेही न तुटता निघाली तर चिकण जास्त आहे, लगेच तुटली तर वाळू किंवा पोयटा, तिथे निचऱ्याची आशा धरायला हरकत नाही.

मग परत खड्डा घ्या, पाणी जिथे मुरवायचंय तेवढाच खोल, आणि दोनतीन ठिकाणी, कारण एकाच वावरात माती बदलते. कुदळीने बाजू घासून गुळगुळीत होतात, त्या चाकूने खरवडा नाहीतर पाणी आत शिरतच नाही, हे बरेचजण विसरतात. तळाला थोडी खडी टाका. आता मुख्य काम, खड्डा 24 तास पाण्याने भरलेला ठेवा, म्हणजे माती फुगायची ती फुगून घेईल. दुसऱ्या दिवशी 15 सेंमी पाणी ठेवून पट्टीने मोजा. 2.5 सेंमी उतरायला तासापेक्षा जास्त लागला तर साधा शोषखड्डा विसरा, तिथे उंचावर वाळूचा भराव किंवा वेगळी प्रक्रिया लागेल. मिनिटाच्या आत उतरलं तरी खूश होऊ नका!! टाकीत फक्त गाळ बसतो हो, पाण्यातले जंतू अडवायचं काम मातीच करते आणि पाणी धावत गेलं तर तिला वेळच मिळत नाही. खाली भेगाळलेला खडक असेल तर घाण सरळ विहिरीत.

अजून एक, खड्ड्याच्या भिंतीचा रंग बघा. करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर वर्षातले काही महिने तिथपर्यंत पाणी चढतं, आज खड्डा कितीही कोरडा असला तरी. शोषखड्ड्याचा तळ त्या पातळीच्या निदान 1.2 मीटर वर हवा, आणि पिण्याची विहीर किंवा बोअर 30 मीटर लांब, शक्यतो चढाच्या बाजूला.

गवंड्याला सांगा, भिजवून मोजल्याशिवाय टाकीची जागा आखायची नाही. आकडे आले की परत लिहा, प्रत्येक खड्ड्याचे वेगवेगळे.