लसीकरणाला बाळाचे वडील येतच नाहीत, काय करावं?

तुम्ही विचारलंय की तपासणीला, लसीकरणाला वडील येत नाहीत, त्यांना कसं सामील करून घ्यायचं. मी मालवणकडच्या किनाऱ्यावर आरोग्यसेविका आहे. येतात हो ते, उपकेंद्राबाहेर गाडीवर बसून असतात. आत डोकावले की आम्हीच म्हणतो, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मीही कित्येक वर्षं हेच म्हटलं.

आता माता-बाल संरक्षण कार्ड मी बापाच्याच हातात देते. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी त्यानेच वाचायच्या आणि मोबाईलवर तारखा लावायच्या. पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, सुईनंतर ताप आला की घरचे घाबरून पुढची सुई टाळतात. म्हणून तो ताप का येतो आणि औषध किती द्यायचं, हेही त्यालाच समजावते. रात्री मेडिकल उघडं आहे का बघत फिरणारा तोच असतो ना!

एकदा सिझर झालेल्या बाईचं बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं होतं. बाप रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणारा; दोरीने तळवे चिरलेले. "माका जमाचा नाय," म्हणून मागे सरला. शर्ट काढायला लावला, खुर्चीत रेलून बसवलं, टोपी-लंगोटावरचं बाळ छातीशी उभं ठेवलं आणि वरून चादर गुंडाळली. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला, पण ऊब बापाच्या छातीचीही चालते. पाच मिनिटं तो श्वाससुद्धा जपून घेत होता. तासाभराने बाळ घ्यायला गेले तर म्हणाला, "रवांदे." राहू दे.

चाकरमानी बाप मुंबईला असतो. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाते, तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर घ्यावं. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, श्वास घेताना छाती आत जातेय, असं दिसलं तर १०८ लावायचा, हे त्याला आधीच माहीत हवं. घरात सगळे त्याच्याच फोनची वाट बघत बसतात.

वेळही त्यांच्या सोयीने धरा. गणपती-शिमग्याला चाकरमानी गावात असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा खलाशीही घरी. नसबंदीचा विषय मी तेव्हाच काढते. (शस्त्रक्रियेनंतर निदान तीन महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, दुसरं साधन वापरावंच लागतं, हे न सांगितल्याने नंतर भांडणं होतात.)

एक मात्र सांभाळा. नवऱ्याला आत घेण्याआधी बाईशी एकटीशी बोला. मारहाणीचं, दारूचं ती त्याच्यासमोर सांगणार नाही, आणि काहीजणींना तो आत नकोच असतो. मग त्याला बाहेरच बसू दे. पण बाहेर आल्यावर "तुमची झोप होते का?" एवढं विचारा. माझ्याकडे एकजण यावर बराच वेळ गप्प राहिला आणि मग कर्जाचं बोलायला लागला.