वाचकांचे प्रश्न : वास्तुकलेच्या पदवीसाठी प्रवेश घेताना

प्रश्न : माझी मुलगी बार्शीच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेत असून यंदा बारावीला गेली आहे. तिला आर्किटेक्चरला जायचे आहे. चित्रकलेची तिला लहानपणापासून आवड आहे आणि इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘ब’ श्रेणी मिळाली होती. घरातल्या मंडळींचे म्हणणे असे की, गणित-विज्ञान घेतलेच आहे तर सरळ सिव्हिल इंजिनिअरिंग करावे, घरे तर तेही बांधतातच. आमच्याकडे या प्रवेश परीक्षेचे वर्ग नाहीत आणि केवळ त्यासाठी तिला पुण्यात ठेवणे आम्हाला परवडणार नाही. एमएचटी-सीईटी दिली की आर्किटेक्चरलाही चालते, असे एका परिचिताने सांगितले. नेमके काय करावे?
— एक पालक, बार्शी

उत्तर : परिचितांनी दिलेली माहिती चुकीची आहे आणि तिच्यावर विसंबल्यास मुलीचे एक वर्ष वाया जाऊ शकते, म्हणून आधी तेच सांगतो. एमएचटी-सीईटीचे गुण बी. आर्क. अर्थात वास्तुकला पदवीच्या प्रवेशासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी वास्तुकला परिषदेची ‘नाटा’ ही अभिवृत्ती (अॅप्टिट्यूड) परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर २-अ, या दोहोंपैकी एक परीक्षा द्यावी लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असणे आवश्यक आहे. तिसऱ्या विषयाच्या बाबतीत अलीकडे सवलत मिळाली असून रसायनशास्त्राऐवजी संगणकशास्त्र किंवा जीवशास्त्र असलेल्या विद्यार्थ्यांनाही वाट मोकळी झाली आहे. किमान गुणांची अट मात्र मधल्या काळात बदलली आहे, त्यामुळे ती त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावी.

दोन्ही परीक्षांचे स्वरूप वेगळे आहे. २०२५ मधील नाटा परीक्षा २०० गुणांची होती. त्यांपैकी ८० गुण कागदावरच्या रेखाटनाला आणि हाताने करायच्या त्रिमितीय रचनेला, तर १२० गुण संगणकावर सोडवायच्या प्रश्नांना होते. जेईईचा पेपर २-अ ४०० गुणांचा असतो आणि त्यात गणिताला १००, अभिवृत्ती चाचणीला २०० व चित्रकलेला १०० गुण असतात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, किंवा दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील नियोजन व वास्तुकला संस्थांत जायचे असेल, तर जेईईचाच पेपर लागतो आणि त्यांचे प्रवेश ‘जोसा’ या संयुक्त जागावाटप प्राधिकरणामार्फत देशपातळीवर होतात. खरगपूर, रुरकी आणि वाराणसी येथील आयआयटींसाठी जेईई अॅडव्हान्स्डनंतर आणखी एक स्वतंत्र अभिवृत्ती परीक्षा असते. आपल्या मुलीचे गणित चांगले असेल, तर तिने दोन्ही परीक्षा द्याव्यात असे मी सुचवीन, कारण तयारीचा मोठा भाग समान आहे आणि जेईईची प्रश्नपत्रिका मराठीतही मागता येते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सर्वजण ज्याला ‘कॅप’ म्हणतात त्यातून होतात. नाटा दिली म्हणून कॅपमध्ये आपोआप नाव लागत नाही. त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि गुण उत्तम असूनही केवळ ही नोंदणी राहून गेल्यामुळे प्रवेशाला मुकणारी मुले पाहून फार वाईट वाटते. गुणवत्ता यादी तयार करताना बारावीचे एकूण गुण आणि अभिवृत्ती परीक्षेचे गुण यांना सारखेच वजन दिले जाते. म्हणजे भाषा विषयांकडे केलेले दुर्लक्षही येथे भोवते. इंटरमिजिएट परीक्षेची श्रेणी नाटाऐवजी चालत नाही, पण त्या परीक्षेने हाताला लावलेले वळण मात्र कामाला येईल.

आता वर्गांविषयी. वर्गाला न जाता ही तयारी होऊ शकते, असे मी जबाबदारीने लिहीत आहे. अनेक वर्गांमध्ये मुलांकडून बाजार, उद्यान, समुद्रकिनारा अशी ठरावीक दृश्ये घोटून घेतली जातात आणि परीक्षेत प्रश्न थोडा वेगळा आला की ती मुले गोंधळतात. परीक्षकाला चित्रातली नजाकत पाहायची नसते. समोरच्या वस्तूंची परस्परांशी असलेली मापे, अंतरे आणि जागेची खोली मुलाला कळते का, हे त्याला पाहायचे असते. म्हणून मुलीने रोज पाऊण तास काढून प्रत्यक्ष समोर दिसणारेच रेखाटावे. भगवंत मंदिरात बसून खांबांची ओळ दूर जाताना कशी लहान होत जाते ते काढावे. एसटी स्थानकावर जाऊन जवळचा माणूस, पलीकडची बस आणि मागची इमारत यांच्या उंचीचे प्रमाण पाहावे, घरी येऊन तेच दृश्य आठवणीने काढावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे जाऊन काय चुकले ते स्वतःच ताडून घ्यावे. स्वयंपाकघरातली पाण्याची कळशी समोरून, वरून आणि मधोमध कापली तर कशी दिसेल, अशी तिन्ही चित्रे काढावीत. अशा कापून पाहण्यालाच पुढे पाच वर्षे ती ‘सेक्शन’ म्हणणार आहे. औषधाचे खोके उलगडून सपाट करावे, त्याच्या घड्या कागदावर काढाव्यात आणि न पाहता पुन्हा मनात मिटून पाहावे. अभिवृत्तीचे बरेच प्रश्न याच जातीचे असतात. त्रिमितीय रचनेसाठी जुनी पुठ्ठ्याची खोकी, आगपेट्या आणि पत्रिकांचे जाड कागद पुरेत. पेन्सिली २बी, ४बी आणि ६बी एवढ्याच घ्याव्यात. याच्या जोडीला मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. पुढे आर्थिकदृष्ट्या जमलेच, तर परीक्षेपूर्वीची थोड्या दिवसांची उजळणी करण्यास हरकत नाही, परंतु तिच्यावाचून अडत नाही.

सिव्हिलचा मुद्दा घरात वादाचा होऊ नये, कारण दोन्ही कामे तितकीच मोलाची आहेत. गावात एखादी शाळा बांधायची आहे असे धरा. तुळई-खांब किती जाडीचे, पाया किती खोल, सळई किती, हे अभियंता ठरवतो. वर्गात उजेड मुलांच्या कोणत्या बाजूने यावा, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मधल्या सुट्टीत मुलांनी कोठे खेळावे, दुपारच्या उन्हात पश्चिमेची भिंत तापू नये म्हणून काय करावे, सुट्टीची घंटा झाल्यावर चारशे मुले एका जिन्यावर चेंगरणार नाहीत ना, हे प्रश्न वास्तुविशारदाचे असतात. आपल्या मुलीला यांपैकी कोणते प्रश्न सुचतात आणि आवडतात, हे तिलाच विचारा. शिवाय, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ हे पद लावता येते. सिव्हिलची पदवी घेऊन पुढे या नोंदणीकडे वळता येत नाही. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा आहे, म्हणजे अभियांत्रिकीपेक्षा एक वर्ष अधिक, आणि हे वर्ष घरच्या हिशेबात आधीच धरलेले बरे.

खर्चाविषयी आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ असेल. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर व जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मागे आजपासूनच लागा. जात पडताळणीला महिने लागतात आणि जूनमध्ये तहसील कार्यालयासमोरची रांग कशी असते, हे मी सांगायला नको.

प्रश्न : मी कोल्हापूर येथील तंत्रनिकेतनातून सिव्हिलची पदविका पूर्ण करीत आहे. मित्र अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणार आहेत. मला मात्र इमारतींच्या आराखड्यात रस आहे. मला बी. आर्क.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. थेट दुसऱ्या वर्षाची सोय अभियांत्रिकीला आहे, वास्तुकलेला नाही. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका, तिच्यात गणित हा अनिवार्य विषय आणि अभिवृत्ती परीक्षेतील पात्रता असेल, तर तुम्हाला पहिल्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मित्र तीन वर्षांत पदवीधर होतील आणि तुम्हाला पाच वर्षे लागतील, हे अंतर मनाला लागणारे आहे, हे मी जाणतो. तरीही आराखड्याची ओढ खरी असेल, तर या दोन वर्षांच्या फरकासाठी मागे फिरू नका. प्रत्यक्ष साइटवर सेंटरिंग कसे लागते, पाणी कोठे मुरते, गवंडी कोणत्या रेषा वाचतो आणि कोणत्या सोडून देतो, हे पहिल्या वर्षातल्या फार थोड्या मुलांनी पाहिलेले असते, आणि तुम्ही ते पाहिलेले आहे. आराखड्याची ओढ आहे की केवळ सिव्हिलच्या गणिती भागाचा कंटाळा आला आहे, याची खात्री करण्यासाठी पदविकेच्या शेवटच्या सुट्टीत एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात महिनाभर काम मागावे.

प्रश्न : मुलाने नाटाचा अर्ज भरला आहे. परीक्षा अद्याप व्हायची असताना एक मध्यस्थ ‘आत्ताच जागा बुक करा, नंतर मिळणार नाही’ असे सांगून आगाऊ रक्कम मागत आहे. महाविद्यालय चांगले आहे हे आम्ही कसे ओळखावे? पाच वर्षांत शुल्काखेरीज किती गोष्टींवर खर्च होतो?
— एक आई, नाशिक

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. अभिवृत्ती परीक्षेतील पात्रतेशिवाय कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयाला बी. आर्क.चा प्रवेश देता येत नाही, व्यवस्थापन कोट्यातूनही नाही. तेव्हा परीक्षेआधी ‘बुक’ होणारी जागा अस्तित्वातच नसते. वास्तुकला परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि प्रत्येकीची मंजूर प्रवेशक्षमता दिलेली असते. ती यंदाच्या वर्षाची आहे ना, हे पाहून घ्यावे. मान्यता नसलेल्या संस्थेतून पदवी घेतली, तर पुढे परिषदेची नोंदणीच मिळत नाही आणि पाच वर्षांचे कष्ट पाण्यात जातात.

चांगले महाविद्यालय इमारतीच्या काचांवरून ओळखू येत नाही. शक्य असल्यास मुलाला घेऊन दोन-तीन महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने पाहावीत. भिंतीवर लावलेल्या शीट्समध्ये सगळ्या मुलांची कामे एकसारखी दिसत असतील, तर तेथे शिक्षक आपलाच विचार मुलांच्या हातून उतरवून घेतात असे समजावे. एकाच विषयावर दहा मुलांनी दहा वाटांनी विचार केलेला दिसला, आणि अंतिम चित्रांबरोबर आधीची खाडाखोड केलेली रेखाटनेही मांडलेली असतील, तर तेथे शिकवले जाते. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. डिझाइन स्टुडिओला शिक्षक नियमित असतात का, ज्युरीत, म्हणजे मुलांची कामे तपासणाऱ्या मंडळात, बाहेरचे व्यावसायिक येतात का, जुन्या वाड्यांची व मंदिरांची मोजमापे घेऊन आराखडे काढण्यासाठी मुलांना नेले जाते का, कार्यशाळेत सुतारकामाची हत्यारे वापरायला मिळतात की कुलपात असतात, हे ती मुले मोकळेपणाने सांगतात. माझ्या मते ग्रंथालय आणि कार्यशाळा ही दोन ठिकाणे पाहिल्याशिवाय महाविद्यालय पाहिले असे म्हणू नये.

नावाजलेल्या संस्था आपल्याकडे आहेत. मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) वास्तुकला महाविद्यालयाची परंपरा शतकाहून जुनी आहे. आचऱ्यात जन्मलेले आणि पुढे कानपूरच्या आयआयटीचा परिसर रचणारे अच्युत कानविंदे तेथलेच विद्यार्थी. २०२३ मध्ये जे. जे.च्या तिन्ही महाविद्यालयांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तेथील प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे पाहावी. प्रभादेवीची अकॅडमी ऑफ आर्किटेक्चर, जुहूची कमला रहेजा विद्यानिधी संस्था, मुलींसाठी पुण्याचे भानुबेन नानावटी महाविद्यालय, पणजीचे गोवा वास्तुकला महाविद्यालय ही आणखी काही नावे. अहमदाबादच्या ज्या वास्तुकला विद्यालयातून आजचे सेप्ट विद्यापीठ उभे राहिले, ते पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये सुरू केले. तथापि, नाव मोठे म्हणून घरापासून फार दूर, न झेपणाऱ्या खर्चात मुलाला पाठवण्यापेक्षा नाशिकातल्या किंवा जवळपासच्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात मनापासून शिकणे अधिक हिताचे ठरू शकते.

शुल्काखेरीजचा खर्च पालकांना बहुधा उशिरा कळतो. पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड, ड्राफ्टर, कार्ट्रिज आणि ट्रेसिंग कागद लागतात. मॉडेलसाठी माउंट बोर्ड, सनबोर्ड, बाल्सा लाकूड घ्यावे लागते आणि प्रत्येक सबमिशनला ते नव्याने आणावे लागते. पुढच्या वर्षांत त्रिमितीय चित्रे पेलणारा लॅपटॉप, मोठ्या कागदांची छपाई आणि अभ्यास दौरे येतात. यांतील बरीच उपकरणे वरच्या वर्गातील मुलांकडून निम्म्या किमतीत मिळतात, आणि पहिल्याच आठवड्यात दुकानदाराने दिलेली पूर्ण यादी खरेदी करण्याची गरज नसते. लॅपटॉप तर पहिले वर्ष संपेपर्यंत घेऊच नये. तोपर्यंत हाताने काढणेच अपेक्षित असते आणि ते पक्के व्हावे लागते. अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाच्या सत्रात मुलगा एखाद्या कार्यालयात राबेल, परंतु त्या मानधनावर मोठ्या शहरातला राहण्याचा खर्च भागेल असे धरू नये.

कॅपचा पर्याय अर्ज भरताना यादीत पहिले नाव नीट विचार करून लिहा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते स्वीकारावेच लागते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही, म्हणून ‘मिळण्यासारखे’ महाविद्यालय भीतीने वर टाकू नये. यादी मुलाच्या खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावी आणि ती भरताना कोणा मध्यस्थाला नव्हे, तर मुलालाच शेजारी बसवावे. लॉगिनचा पासवर्ड घरातल्या माणसांखेरीज कोणाला देऊ नये, कारण पर्याय परस्पर बदलून प्रवेश भलतीकडे वळवता येतो.