तारकासमूह, तारकागुच्छ की ताऱ्यांचा घड?

रावेरहून आलेल्या प्रश्नात हे वाक्य आहे: "आद्य आकाशगंगांमध्ये तारे एकत्र येऊन तारकासमूह तयार झाले." यात तारकासमूह बरोबर की तारकागुच्छ, आणि केळीपट्ट्यातल्या मुलांसाठी 'घड' चालेल का?

तारकागुच्छच. तारकासमूह म्हणजे सिंह, वृश्चिक वगैरे ८८ आकृत्या. त्यांतले तारे एका दिशेला दिसतात एवढंच, एरवी त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. कृत्तिका मात्र गुच्छ आहे: वायूच्या एका मेघातून जन्मलेले, जवळपास एकाच वयाचे, गुरुत्वाकर्षणाने बांधलेले हजारावर तारे. 'तारकापुंज'ही वाचनात येतो, पण पुंजभौतिकीमुळे (क्वांटम फिजिक्समुळे) मुलांचा घोळ होतो, टाळलेला बरा. 'आकाशगंगा' हे आपल्या दीर्घिकेचं विशेषनाम, तेव्हा अनेकवचनी 'दीर्घिका' लिहा. (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी; शब्दाचा मूळ अर्थ लांबट तळं.)

खरी चूक नामापेक्षा क्रियापदात आहे. 'एकत्र येऊन' म्हटलं की सुटे तारे कुठून तरी येऊन जमले असं वाटतं. केळी बागेत गोळा होऊन घड होत नाही, घड निसवतो. फण्या एकाच दांड्यावर येतात. गुच्छाचंही तसंच. म्हणून समजावताना 'घड' जरूर वापरा, संज्ञा म्हणून नको.

आद्य दीर्घिकांत वायू फार दाट होता, त्यामुळे गुच्छही घट्ट झाले. महास्फोटानंतर सुमारे ४६ कोटी वर्षांनीच्या एका दीर्घिकेत जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला असे ५ गुच्छ दिसले. २०२४ साली ते प्रसिद्ध झालं. प्रत्येकाची त्रिज्या साधारण ३ प्रकाशवर्षं आणि वस्तुमान सुमारे १० लाख सूर्यांइतकं! आपल्या आणि तिच्या मधल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम केलं, म्हणून ते वेगवेगळे ओळखता आले.

घड सुटतोही. मोठ्या ताऱ्यांचे प्रारण (रेडिएशन) आणि त्यांच्यातून सुटणारे कणांचे वारे, मग काही दशलक्ष वर्षांत त्यांचे स्फोट, उरलेला वायू उडवून लावतात. तोवर पुरेसा वायू ताऱ्यांत रूपांतरित झाला नसेल, तर बांधणारं वस्तुमानच कमी पडतं आणि तारे पांगतात.

आणखी एक जपायला हवं. वायूचा मेघ आकसतो त्याला 'ढग कोसळला' लिहिलंत तर आपल्याकडे पाऊसच डोळ्यांपुढे येईल. 'आकसला' लिहा: "आद्य दीर्घिकांमध्ये वायूचे दाट मेघ स्वतःच्या गुरुत्वाने आकसले आणि त्यांतून तारकागुच्छ जन्मले."