बहीण समजूतदार आहे म्हणून?

नोकरी लागली तर वर्षभर दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करीन असं तुम्ही देवाला कबूल केलंत, नोकरी लागली, मग हळूहळू उपास सुटत गेले आणि आता ऑफिसात जरा काही बिनसलं की ही नवस मोडल्याची शिक्षा असं वाटून रात्रीची झोप उडते. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकाचा 5वा अध्याय पण तुम्हीच पत्रात घातलाय, नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा. हो, तसंच लिहिलंय तिथे. ऑफिसातल्या कटकटींचा त्याच्याशी संबंध जोडू नका एवढंच म्हणेन.

पण पत्राच्या मधेच एक वाक्य आहे, "आईला सहा महिने माझ्याकडे आणायचं मोठ्या बहिणीला कबूल केलं होतं तेही राहिलंच, पण ती समजूतदार आहे." मला इथे राग आला, खरंच सांगते. उपासावर दोन पानं आणि आईवर एक ओळ, तीही "तेही" म्हणून!

मार्क 7 काढून वाचा. आईबापाला द्यायचं ते कुर्बान आहे, देवाला वाहिलंय, असं म्हटलं की मुलगा मोकळा, आईबापासाठी काही केलं नाही तरी चालतंय, असं तेव्हाचे धर्मपुढारी चालवून घेत होते. वाहिलेलं देवालाच होतं ना? तरी येशूने ते खपवून घेतलं नाही, तुमच्या परंपरेने देवाचं वचन रद्द करताय असं तोंडावर सांगितलं. आणि यशया 58 तर उपासावरच आहे, लोक विचारतायत आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस, आणि देव सांगतो मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातलं देणं, उघड्याला पांघरूण घालणं आणि आपल्याच रक्ताच्या माणसाला तोंड न चुकवणं. हे शेवटचं तुमच्यासाठीच आहे.

गिबोनच्या लोकांनी इस्राएलचा पुढारी यहोशवा याला चक्क फसवून वचन घेतलं होतं, लांबून आलोय असं खोटं सांगून, तरी देवाच्या नावाने शब्द दिलाय म्हणून त्याने तो मोडला नाही. तुमच्या बहिणीने तर फसवलेलं पण नाही. ती गप्प आहे त्याला तुम्ही समजूतदारपणा म्हणताय, मला तर वाटतं ती थकलीये आणि मागून मागून किती मागणार. तुमच्या घरात जागा कमी पडेल, नवीन नोकरीची धावपळ आहे, मान्य, पण स्तोत्र 15 मधला माणूस स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेला शब्द फिरवत नाही, आणि सोयीचा असताना शब्द पाळायला कुणाला काय लागतं.

शुक्रवारचं नंतर बघू, देवाशी सरळ बोला आणि राहिलेले उपास पुढे सुरू करा. आज मात्र बहिणीला फोन करा. माफी मागत बसू नका, कारणं तर अजिबात सांगू नका, आईला न्यायला कधी येताय ती तारीख सांगा आणि आईची औषधं कुठली, किती वाजता द्यायची ते सगळं तिच्याकडून लिहून घ्या.