इंग्लंडमधल्या जुन्या कागद गिरणी कामगारांचं घराणं कसं शोधावं?
सुरुवात 1851 च्या जनगणनेपासून करा, कारण तिच्यात प्रत्येकाचं जन्मगाव लिहिलेलं आहे. हे कारागीर कामासाठी गिरण्या बदलत फिरायचे. थोरलं पोर केंटमधलं, धाकटं हर्टफर्डशरमधलं, असं दिसलं की कुटुंबाची सगळी वाटच हाती लागते! मग त्या त्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही बघा. 1813 पासून तिच्यात वडिलांचा धंदाही असतो.

पूर्वज गिरणीमालक असतील तर अबकारी, म्हणजे उत्पादनावरच्या कराच्या, याद्या शोधा. कागदावर 1861 पर्यंत अबकारी कर होता आणि 1816 पासून गिरण्यांना क्रमांक दिलेले होते. ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रातल्या दिवाळखोरीच्या नोटिसा अजिबात सोडू नका. कागद बनवणाऱ्या यंत्राला पैसा पुरवणारे फोरड्रिनियर बंधूसुद्धा 1810 मध्ये दिवाळखोर झाले होते.