चौकशीला बोलावलंय: वकील न्यावा की पुढाऱ्याचा फोन करून घ्यावा?

तुम्ही विचारलंय, चुलत भावाला चोरीच्या गुन्ह्यात ठाण्यातून बोलावणं आलंय, तर वकील न्यावा की ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन पुरे होईल? फोनने ठाण्यात खुर्ची मिळते, जामीन मिळत नाही. वकील न्या.

मी जळगाव जिल्ह्यात फौजदारी कामं करतो. माझे साडू रिटायर्ड जमादार. दर लग्नात पंगतीत चार लोकांसमोर त्यांचं एकच, "धरायचे आम्ही, सोडवायचे तुम्ही." म्हणून हे जरा लांबवून सांगतो.

यावलकडचा एक सालदार, भिल्ल. केळीच्या बागांमधल्या मोटारींच्या केबली रात्रीतून कापल्या जात होत्या, शेतकरी भडकलेले, ठाण्यावर दबाव. याला शुक्रवारी संध्याकाळी उचललं आणि कागदावर अटक दाखवली शनिवारी रात्री. कोर्टासमोर नेण्याचे 24 तास मोजायचे ते म्हणे तिथून! रविवारी सकाळी त्याची आई माझ्या ओट्यावर. "भाऊ, पोऱ्या कालदिनपासून जेयेल नही."

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 379, म्हणजे चोरी, जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची हे पोलिसांनी लिहायचं आणि मॅजिस्ट्रेटने ते तपासायचं, असं सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार खटल्यात 2014 सालीच बजावलंय. रिमांड रिपोर्टमध्ये कारण काय, तर "अधिक तपासकामी". पीसीआर (पोलीस कोठडी) कमी करून घेतला, पुढे जामीनही झाला. पण जामीनदार कुठून आणायचा? मालकाने सातबारा द्यायला चक्क नकार दिला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालाचा हिशेब झाला, तेव्हा हा आतच.

खटल्यात पंच निघाला ठाण्यासमोरचा टपरीवाला, आधीच्या दोन-तीन पंचनाम्यांवरही त्याचीच सही. जप्त तार आपलीच, हे फिर्यादीला सांगता येईना. निर्दोष सुटला. साडू म्हणाले, "बघा, सोडवलाच." अहो, तो आत असतानाही शेजारच्या शिवारात केबली कापल्या जात होत्या. चोर सोडला कोणी? हाताशी सापडला त्याला धरून फाइल बंद करणाऱ्यांनी. याचं उत्तर साडूंनी अजून दिलेलं नाही.

तर तुमच्या भावाचं. नुसता फोन आला असेल तर लेखी नोटीस मागा आणि कलम वाचा. बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा) 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. 35(3) असेल (1 जुलै 2024 आधीचं सीआरपीसी 41अ) तर संशयित म्हणून. मग तारखेला हजर राहायचंच, पोच ठेवायची; हजर राहणाऱ्याला कारण लिहिल्याशिवाय अटक करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; अटकेतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सगळे पोलीस तसे नसतात. ज्यांच्या तपासात बोट घालायला जागा सापडत नाही असे अधिकारीही मी पाहिलेत, आणि त्यांच्या केसेस हरलोय. आणखी एक, चोरीसोबत दरोडा किंवा जबरी चोरीचं कलम लागलं असेल तर वरचं फारसं उपयोगी नाही. मग ठाण्यात जाण्याआधी सेशन कोर्टात बीएनएसएस कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका.